चार थेंब पाणी

हैदराबाद
५ मार्च २००७

आत्या, नमस्कार.

एकच नमस्कार, तुझ्या नियमाप्रमाणे. फोन करत नाही, कारण फोनवर माझं मराठी तिसऱ्या वाक्याला हिंदी होतं ही तुझी तक्रार रास्त आहे. काम असल्याखेरीज मी लिहीत नाही ही तक्रारही रास्त आहे. आजही काम आहे.

आधी, मी दिवसभर करते काय, असं तू दिवाळीत विचारलं होतंस त्याचं उत्तर. आमची कंपनी एक परदेशी औषध इथे बनवू पाहते आहे. औषध म्हणजे प्रतिपिंड, अँटीबॉडी. ते बरणीत वाढवलेल्या पेशींकडून करून घ्यायचं. या प्रतिपिंडाच्या देठाला साखरेची एक लहानशी फांदी असते, दोन टोकांची. काही फांद्यांच्या दोन्ही टोकांवर गॅलॅक्टोज असतं, काहींच्या एकाच, काहींच्या कुठेच नाही. हे प्रमाण मूळ औषधाशी जुळलं पाहिजे, नाहीतर आपलं औषध शरीरात वेगळं वागू शकतं. ते प्रमाण मोजणं ही माझी नोकरी. एन्झाइमनं फांद्या कापायच्या. साखरेला स्वतःचा रंग नसतो, म्हणून तिला एक चमकणारा रंग चिकटवायचा. जास्तीचा रंग धुऊन काढायचा. मग यंत्रातून एकेक जात वेगळी करून मोजायची.

अडलंय ते धुण्यावर. त्यासाठीच्या नळ्या परदेशातून येतात आणि त्या तीन आठवडे मुंबईच्या कस्टममध्ये पडून आहेत. नव्या बॅचचा अहवाल तर महिनाअखेर हवा. जुन्या शोधनिबंधांत हेच काम साध्या कागदावर केलेलं सापडलं. वाचताना तू डोळ्यांसमोर आलीस. मोहाच्या फुलांतल्या साखरा तू कागदावर वेगळ्या करायचीस ना? कागदावरचा ठिपका परत पाण्यात कसा उतरवायचा ते सविस्तर लिही. निबंधात त्यावर एकच ओळ आहे.

मंदाकिनीकाकूंना सांग, त्यांच्या भार्गवचं छान चाललं आहे. मी शब्द टाकून त्याला इथे घ्यायला लावलं, त्याचं चीज झालं. ही नवी बॅच त्याच्याच हातची आहे.

बोटं कशी आहेत? तुझ्यासारखा सांधेवात असलेल्यांच्या प्रतिपिंडांवर हीच टोकाची साखर कमी आढळते, हे तुला ठाऊक आहे का?

गंधाली


तात्यापारा, रायपूर
१४ मार्च २००७

गंधाली,

‘सविस्तर लिही’ असं सांधे सुजलेल्या बाईला लिहिताना जरा विचार करावा. तरी लिहिते. सकाळी उन्हात बसलं की उजव्या हाताची तीन बोटं तासभर ऐकतात.

टोकाच्या साखरेबद्दल. माझ्यात गोडवा कमी आहे हे बी.एस्सी.च्या मुली तीस वर्षांपूर्वीच सांगत होत्या. त्यांना यंत्र लागलं नव्हतं.

आता काम. कागदाला बोट लावायचं नाही, चिमट्यानं धरायचा. खालच्या कडेपासून दोन बोटांवर पेन्सिलीची रेघ. पेनाची नाही, शाई पळते. रेघेवर ठिपका द्यायचा, बारीक. एक थर वाळल्यावर दुसरा. बरणीत द्रावण घालून झाकण लावून अर्धा तास ठेवायचं आणि मगच कागद टांगायचा. तुझ्या कामात रंग वर पळून गेला पाहिजे आणि साखर रेघेवर बसून राहिली पाहिजे, असं मी समजते.

मग रेघेवरचा तुकडा कापून परीक्षानळीत घालायचा आणि वर पाणी. इथे सगळे चुकतात. पाणी ओतत सुटतात आणि द्रावण इतकं पातळ करतात की मोजायला काही हाती लागत नाही. चार थेंब पाणी पुरतं. दहा मिनिटं थांबायचं, काढून घ्यायचं. आमच्या कॉलेजात शुद्ध पाण्याचं भांडं एक आणि मुली चाळीस. मे महिन्यात नळ कोरडा. चार थेंबांवर सत्तावीस वर्षं काढली.

वापरलेला कागद अहवालावर सही होईपर्यंत फेकायचा नाही. लिफाफ्यात घालून वर तारीख लिहायची. सही झाल्यावरही मी फेकत नसे. आणि आकडा चुकला तर तो एका रेघेनं खोडायचा. खालचा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. चूक गिरवून काळी करणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर उभी करत असे. चूक झाली हे लपवायचं नसतं, हे त्यांना दुसरं कोणी शिकवणार नव्हतं.

राजधानी होऊन सहा वर्षं झाली, पण आमचा रस्ता अजून खणलेलाच आहे. परवा त्यात एका मंत्र्याची गाडी रुतली, तेव्हा दुपारच्या आत बुजवला. संध्याकाळी दुसऱ्या खात्यानं पुन्हा खणला.

मंदाकिनीला तुझा निरोप दिला. तिनं तो ब्राह्मणपाऱ्यातल्या घराघरांत दिला.

कौमुदी


हैदराबाद
४ एप्रिल २००७

आत्या,

कागद चालला. रंग वर पळाला, साखर जागेवर राहिली. आमचे साहेब स्वतः येऊन बघून गेले, ‘हे कुठे शिकलात?’ म्हणाले. मी म्हटलं, रायपूरला. तुझे चार थेंब पाळले आणि लिफाफेही ठेवले.

अहवाल वेळेत गेला. बॅच मात्र जुळली नाही. मूळ औषधात दोन्ही टोकं भरलेल्या फांद्या शंभरात अकरा आहेत, आमच्या बॅचमध्ये चार. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा चार. शेवटी बॅच टाकून दिली.

इथलं वातावरण सध्या बरं नाही. थकले आहे. जास्त लिहीत नाही.

गंधाली


तात्यापारा, रायपूर
१९ एप्रिल २००७

गंधाली,

तुझं पत्र लहान होतं. त्यात काय नव्हतं ते मला काल कळलं.

काल मंदाकिनीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दार भार्गवनं उघडलं. सुट्टीवर आलास का, विचारलं. म्हणाला, “बस, आ गया बुआ.” आणि चपला घालून माझ्या बाजूनं खाली उतरून गेला.

मंदाकिनीनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. बाहेर बायका गौरीसमोर बसलेल्या. ती हळू आवाजात म्हणाली, “कौमुदीताई, पोराले घरी पाठवून देल्लं त्यायनं. माल खराब निघाला म्हणते. कसा काय खराब निघाला जी? थो तं दिवाळीलेही घरी नाही आला, पेशी मरतीन म्हणे.”

मी काय म्हणाले ते तुला सांगितलं पाहिजे. मी म्हणाले, “मंदाकिनी, गंधालीनं तीनदा मोजलं आहे. आकडा कोणाचा शेजारी नसतो. कुठेतरी भार्गवचीच ढिलाई झाली असेल.”

तिच्या हातात कैरीच्या डाळीची वाटी होती. ती तिनं ओट्यावर ठेवली. “हव,” एवढाच होकार दिला. मी निघाले तेव्हा तिनं पन्ह्याचं विचारलं नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

तिला लागलं म्हणून मी माझं म्हणणं मागे घेणार नाही. पण हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. का लिहिलं नाहीस?

कौमुदी


हैदराबाद
५ मे २००७

आत्या,

लिहिलं नाही, कारण लिहिता आलं नाही. दोनदा बसले होते.

अहवालावर सही माझी. भार्गव अजून नोकरीत पक्का झालेला नव्हता. पेशींना खाऊ घालणं, तापमान, सगळं त्याच्याकडे. टोकाची साखर कमी पडली म्हणजे पेशींची आबाळ झाली, असा अर्थ काढला गेला. मी तो काढला नाही, पण खोडलाही नाही. दोन दिवसांत त्याला जायला सांगितलं. त्याला घेताना शब्द मी टाकला होता, म्हणून सगळे माझ्याकडेही बघत होते. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याच्यापेक्षा माझीच जास्त काळजी होती.

तो जाताना माझ्या टेबलाशी आला. त्यानं एकच विचारलं, “दीदी, मूळ औषध पण कागजवरच चालवलं होतं का?” मी सांगितलं, मूळ औषधाची कुपी संपत आली आहे, त्याचा आकडा जानेवारीत नळ्यांवर काढलेला आहे, तोच धरला. तो म्हणाला, “हव.” आणि पिशवी उचलून गेला.

त्या ‘हव’चा मला राग आला. नोकरी गेलेला माणूस कशाला तरी धरू बघतो, असं वाटलं. तू काकूंना जे म्हणालीस ते बरोबरच होतं.

गंधाली


तात्यापारा, रायपूर
१६ मे २००७

गंधाली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी कीव आली. दुसऱ्यांदा भार्गवचा प्रश्न वाचला आणि पत्र खाली ठेवलं. तिसऱ्यांदा, मी चुकीचं वाचत नाही ना हे बघायला वाचलं.

मूळ औषध नळीवर आणि बॅच कागदावर. दोन वेगळ्या तराजूंवर दोन माल तोलून कोणता हलका हे तू ठरवलंस. पहिल्या वर्षाच्या मुलीला मी यासाठी शून्य दिलं असतं. तीनदा मोजलं, हे मला सांगू नकोस. तीन वेळा त्याच तराजूवर मोजलंस. आणि मी ते ‘तीनदा’ मंदाकिनीच्या तोंडावर फेकून आले.

ज्यानं नेमका प्रश्न विचारला त्याचा तुला राग आला. मलाही येत असे, वर्गात. नंतर वाईट वाटायचं.

परवा रिक्षा करून सदर बाजारात भार्गवच्या बाबांच्या, नीलकंठच्या, घड्याळांच्या दुकानात गेले. भार्गव काउंटरवर बसून एका पट्ट्याला भोक पाडत होता. नीलकंठ मला बघून आत गेला, तो बाहेर आलाच नाही. मी भार्गवला विचारलं, बॅचमध्ये तुझी काही चूक झाली होती का? म्हणाला, “बुआ, मुझे नहीं पता. दीदी से कुछ मत कहना.”

मी म्हटलं, “मराठीत बोल.”

“मराठीतही तेच आहे बुआ.”

मग त्यानं माझ्या मनगटाकडे बघितलं. माझं घड्याळ बंद पडून तीन महिने झाले आहेत, बोटांना चावी फिरवता येत नाही म्हणून. त्यानं काढून घेतलं, चावी दिली, परत बांधलं. पट्टा एका भोकानं सैल केला, कारण मनगट सुजलं आहे. मला विचारलं नाही.

तू आता असं कर. मूळ औषधाचं जे काही उरलं असेल ते कागदावर चालव, त्याच हातानं, त्याच पाण्यानं. लिफाफ्यांतले वापरलेले कागद बाहेर काढ आणि त्यांत काय राहिलं आहे ते बघ. मग मला लिही.

कौमुदी


तात्यापारा, रायपूर
११ जून २००७

गंधाली, सव्वीस दिवस झाले. उत्तर नाही. आजारी असशील तर तसं कळव. आजारी नसशील तर जे बघितलंस ते कळव. कार्डावर जागा कमी असते, एका वाक्यात भागेल.

कौमुदी


हैदराबाद
१९ जून २००७

आत्या,

एका वाक्यात, भार्गवची बॅच चांगली होती.

बाकी आता लिहिते. मूळ औषधाच्या कुपीच्या तळाशी उरलेलं कागदावर चालवलं, मार्चमध्ये केलं होतं अगदी तसंच. त्याचे अकरा यायला हवे होते. चार आले. म्हणजे कागदावर जे काही घातलं असतं ते चारच दिसलं असतं.

मग लिफाफे उघडले. प्रत्येक तुकडा पाण्यात बुडवून तासभर ठेवला, पाणी काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. पाच वेळा. ते पाणी आटवून मोजलं. त्यात साखर होती. बहुतेक मोठ्या फांद्या, दोन्ही टोकं भरलेल्या. लहान फांद्या लवकर सुटून येतात, मोठ्या कागदाला धरून बसतात. कागदात राहिलेलं मिळवलं की बॅच दहावर जाते. दहा आणि अकरा हा फरक चालतो.

हे मला एक जूनला कळलं. आज एकोणीस तारीख. कोणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी साहेबांच्या केबिनपर्यंत जाते आणि पाण्याची बाटली भरून परत येते. नळ्या सुटून आल्या आहेत, नवी बॅच नळ्यांवर मोजली, ती जुळली. जुन्या बॅचचं नाव कोणी काढत नाही. सांगितलं तर माझ्या सगळ्या जुन्या अहवालांवर बोट येईल. नाही सांगितलं तर काहीच होणार नाही. या दुसऱ्याचीच मला जास्त भीती वाटते, पण पाय उचलत नाही. फार थकायला झालं आहे.

तू विचारशील म्हणून लिहिते. पद्धत मी ठरवली, चूक माझी. उतरवताना पाणी कमी पडलं.

गंधाली


तात्यापारा, रायपूर
२६ जून २००७

गंधाली,

पाणी कमी पडलं, असं लिहितेस. किती थेंब घेतले होते ते लिहीत नाहीस. किती तास, किती वेळा, सगळं लिहिलंस. थेंब तेवढे गाळलेस.

मी माझ्या पत्रांच्या नकला ठेवत नाही. पण जो आकडा सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहिला तो विसरायला नकलेची गरज नाही, आणि आठवायलाही नाही. चार.

मोहाच्या फुलात सुट्या साखरा असतात, फार तर दोन-दोन जोडलेल्या. त्या चार थेंबांत सुटतात. तू मला फांदीचं विचारलंस आणि मी उत्तर फुलाचं दिलं. फांदी मोठी आहे, तिला किती पाणी लागेल हे मी पुस्तकात बघायला हवं होतं, नाहीतर माहीत नाही म्हणून लिहायला हवं होतं. दोन शब्दांचं काम. पण निवृत्त होऊन दहा वर्षं झाल्यावर कोणीतरी प्रयोगशाळेतलं काही विचारलं, याचा मला इतका आनंद झाला की मी बघायचं विसरले. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे आणि पुन्हा लिहिणार नाही.

मला वाचवायला तू गप्प होतीस की स्वतःला, ते तुझं तू बघ. भार्गवला दोन्हींचा उपयोग सारखाच.

आता ऐक. सोमवारी बाटली न भरता आत जायचं. अहवाल दुरुस्त करायचा. अहवालात माझं नाव कुठेही नको. आत्यानं सांगितलं हे कारण होत नाही. सही तुझी आहे, म्हणून मूळ औषध कागदावर चालवलं नाही ही चूक तुझी. थेंबांची माझी. माझी मी बघते.

माझं मार्चचं पत्र मला परत पाठव. मूळ पत्र, झेरॉक्स नको.

कौमुदी


हैदराबाद
२४ जुलै २००७

आत्या,

सोमवारी नाही जमलं. बुधवारी गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कागदाचे तुकडे बघितले, मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “मॅडम, बॅच गटारात गेली, मुलगा घरी गेला. आता हे उघडून कोणाचं भलं होणार आहे?”

मी म्हटलं, “मुलाचं.”

“त्यानं तक्रार केली आहे का?”

“नाही.”

“मग?”

मी दुरुस्त केलेला अहवाल टेबलावर ठेवला. ‘चार’वर एक रेघ, शेजारी ‘दहा’, सही, तारीख. ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते. म्हणाले, “नवं पान छापून का नाही आणलंत? हे वाईट दिसतं.” मी म्हटलं, वाईट दिसण्यासाठीच असं करतात.

मला यंत्रावरून काढलं आहे. कागदपत्रांच्या खोलीत बसवलं आहे, दुसऱ्यांच्या अहवालांतल्या चुका शोधायला. खोलीला खिडकी नाही. रागावून केलं की विश्वासानं, ते मला अजून कळलेलं नाही.

भार्गवला कंपनीनं पत्र पाठवलं. दोन ओळींचं. बॅच नाकारली गेली त्याचं कारण मोजणीच्या पद्धतीत होतं, त्याच्या कामात नव्हतं. त्याला परत बोलवा, असंही मी लिहून दिलं होतं. ते पत्रात नाही. मी त्याला वेगळं पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही.

तुझं मार्चचं पत्र सोबत आहे. पाठवायचं मनात नव्हतं, म्हणून उशीर झाला. त्यात वाचायला चांगलं खूप आहे. तू ते फाडशील असं वाटतं. फाडू नकोस.

गंधाली


तात्यापारा, रायपूर
६ ऑगस्ट २००७

गंधाली,

मी कागद फाडत नाही, हे तुला कळायला हवं होतं.

ब्राह्मणपाऱ्यात जाऊन आले. मंदाकिनीचा जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे, मधे दोनदा बसले. वर पोचले तेव्हा ती डाळ निवडत होती. उठली नाही. मी उभ्यानंच सांगितलं, “चैत्रात तुझ्या स्वयंपाकघरात मी जे बोलले ते चूक होतं. भार्गवची ढिलाई नव्हती. मोजणारीची होती, आणि मोजणारीला शिकवणारीची. म्हणजे माझी.” हे मी रिक्षात पाठ केलं होतं. वर्गात बोलावं तसं झालं, पण मला दुसऱ्या आवाजात बोलता येत नाही.

तिनं ताट बाजूला केलं. म्हणाली, “त्याच्या बाबांनं दुकानात बसून काय काय ऐकलं ते तुम्हाले नाही मालूम.”

मी म्हटलं, “नाही.”

“अन् थे पत्र आलं कंपनीचं. दोन ओळी. चार महिने पोट्टा मान खाली घालून जेवला, अन् दोन ओळी.”

मग ती उठली. म्हणाली, “बसा. पन्हं नाही आता, कैऱ्या सरल्या. चहा ठेवते.” चहा फार गोड होता. तिला माहीत आहे मी बिनसाखरेचा घेते. मी सगळा प्यायले.

भार्गव परत येणार नाही. सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात चाचणीच्या कामाला लागला आहे. बसनं जातो, अंगावर काळी धूळ घेऊन येतो. जिन्यात भेटला. विचारलं, कसं आहे काम? म्हणाला, “अच्छा है बुआ. लोहा मरता नहीं.” मी या वेळी मराठीत बोल म्हटलं नाही. माझ्या घड्याळाकडे त्यानं बघितलं. चालू होतं. आता रोज सकाळी दूधवाल्याकडून चावी देऊन घेते.

तू लिहिलेलं पत्र त्याच्याकडे आहे. वाचलं आहे म्हणाला. उत्तराचं मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे. काही गोष्टी कागदाला धरून बसतात, हे तू मला शिकवलंस.

खोलीला खिडकी नसेल तर दिवा नीट लावून घे. चुका शोधणारीचे डोळे शाबूत हवेत. तिथे विश्वासानं बसवलं असो की रागानं, काम तेच आहे, आणि मी ते सत्तावीस वर्षं केलं.

मार्चचं पत्र परत पाठवते आहे. चौथ्या परिच्छेदातली ती ओळ मी दुरुस्त केली आहे. ‘चार थेंब पाणी पुरतं’ यावर एक रेघ. शेजारी लिहिलं आहे, ‘कागदात काही उरत नाही तोवर, पुन्हा पुन्हा, आणि माहीत नसेल तर विचारावं.’ खाली सही आणि आजची तारीख. रेघ वाकडी गेली आहे, बोटं सकाळी ऐकत नव्हती.

ते तुझ्याकडे ठेव. खोडलेलं खाली वाचता येतं का, तेवढं उजेडात धरून बघ. येत नसेल तर परत पाठव, मी ते पुन्हा लिहीन आणि पुन्हा खोडीन.

कौमुदी